धातुयुक्त आयनिक द्रवांचा इतिहास : पदार्थ आधी, प्रश्न नंतर

सारांश

ज्या क्षारांच्या घटक आयनांमध्ये धातूचा अणू अंतर्भूत आहे आणि जे १०० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाला द्रवरूपात असतात, अशा क्षारांना धातुयुक्त आयनिक द्रव म्हणतात. प्रस्तुत लेखात या द्रवांचे संश्लेषण आणि गुणधर्म यांविषयीचे ज्ञान कसकसे वाढत गेले याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. या शाखेतील बहुतेक महत्त्वाचे पदार्थ त्यांचे महत्त्व लक्षात येण्यापूर्वी कित्येक वर्षे, क्वचित कित्येक दशके, प्रयोगशाळेत तयार झालेले होते. त्यांच्याविषयी योग्य प्रश्न विचारला गेला तेव्हाच त्यांना रसायनशास्त्रात स्थान मिळाले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आयनिक द्रव, क्लोरोअ‍ॅल्युमिनेट, क्लोरोक्युप्रेट, विद्युत विलेपन, उत्प्रेरण, समचुंबकत्व.

१. प्रस्तावना

क्षार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्फटिकरूप घन पदार्थ उभा राहतो. स्वयंपाकघरातील मीठ वितळण्यासाठी ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. धन व ऋण आयनांमधील आकर्षणाचे बल प्रबळ असल्यामुळे क्षारांचे द्रवणांक उच्च असतात, असे आपण वर्गात शिकवतो आणि ते योग्यही आहे. मात्र आयन आकाराने मोठे, आकृतीने विषम आणि विद्युतभार विखुरलेला असे असतील, तर स्फटिकात त्यांची नेटकी मांडणी होत नाही आणि द्रवणांक कमालीचा खाली येतो. अशा क्षारांपैकी जे १०० अंशांखाली द्रवरूपात असतात त्यांना आयनिक द्रव ही संज्ञा आता रूढ झाली आहे.

या द्रवांचा इतिहास सांगताना तो बहुधा दोन टप्प्यांत सांगितला जातो. पहिल्या टप्प्यात आर्द्रतेने बिघडणारे अ‍ॅल्युमिनियमयुक्त द्रव होते आणि दुसऱ्या टप्प्यात हवेत टिकणारे, धातुविरहित द्रव आले, अशी ती मांडणी असते. या मांडणीत धातू हा मागे टाकलेला टप्पा ठरतो. प्रत्यक्षात धातुयुक्त द्रव मागे पडलेले नाहीत. औद्योगिक पातळीवर यशस्वी ठरलेल्या आयनिक द्रवांमध्ये त्यांचे स्थान ठळक आहे. त्यामुळे हा इतिहास धातूच्या बाजूने पुन्हा वाचणे अगत्याचे ठरते. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने त्यात आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे. एखाद्या पदार्थाचा शोध लागला असे नेमके केव्हा म्हणावे, हा तो प्रश्न होय.

२. पूर्वपीठिका : तांबडे तेल, कोलकाता आणि रीगा

शार्ल फ्रीडेल आणि जेम्स मेसन क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या साहाय्याने बेंझीनसारख्या संयुगांवर अल्किल गट जोडण्याची अभिक्रिया प्रसिद्ध केली. ही अभिक्रिया करणाऱ्यांना पात्राच्या तळाशी अनेकदा एक वेगळा तांबडा, तेलकट थर साचलेला दिसे. 'तांबडे तेल' एवढेच त्याचे नाव होते. पुढे विसाव्या शतकात एनएमआर वर्णपटाचे तंत्र हाती आल्यावर त्याचा उलगडा झाला. अल्किल गट जोडलेला अ‍ॅरोमॅटिक धन आयन आणि अ‍ॅल्युमिनियम व क्लोरीन यांनी बनलेला ऋण आयन यांचा तो द्रवरूप क्षार होता. धातुयुक्त आयनिक द्रव अशा रीतीने कित्येक दशके रसायनशास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोर होता, परंतु तो अभिक्रियेतील एक अवांतर गोष्ट म्हणूनच पाहिला गेला.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची नोंद १९११ मधील आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि जितेंद्रनाथ रक्षित यांनी अल्किल अमोनियम नायट्राइटांवरील आपले संशोधन लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. एथिल अमाइनच्या हायड्रोक्लोराइडावर सिल्व्हर नायट्राइटची अभिक्रिया केली असता त्यांना एथिल अमोनियम नायट्राइट हा जड, पिवळा आणि अस्थिर द्रव मिळाला. बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणात ठेवूनही तो गोठला नाही, अशी त्यांची नोंद आहे. या द्रवाच्या घटनेत धातू नाही, कारण चांदीचे काम केवळ क्लोराइड काढून टाकण्याचे होते. परंतु कक्ष तापमानाला द्रवरूपात असणाऱ्या क्षाराचा हा बहुधा पहिला लिखित उल्लेख आहे. राय त्या काळात कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करीत होते. त्यांचे लक्ष नायट्राइटांच्या रसायनाकडे होते. क्षार द्रवरूपात असणे ही स्वतंत्र अभ्यासाची बाब आहे, असा विचार त्या कामात पुढे आला नाही.

तो विचार तीन वर्षांनी पाउल वाल्डेन यांनी मांडला. रीगा येथील या रसायनशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये एथिल अमोनियम नायट्रेटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा द्रवणांक सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे. वाल्डेन यांना वितळलेल्या क्षारांची विद्युतवाहकता मोजायची होती आणि अति उच्च तापमानाला अचूक मापन करणे कठीण होते. म्हणून सुमारे १०० अंशांपर्यंत वितळतील असे निर्जल क्षार त्यांनी हेतुपुरस्सर शोधले. आज व्याख्येत येणारी १०० अंशांची मर्यादा त्यांच्या या सोयीतून आलेली आहे. काळाच्या दृष्टीने राय आणि रक्षित आधीचे आहेत, तरीही शाखेचे जनकत्व वाल्डेन यांच्याकडे जाते. कारण त्यांनी पदार्थाबरोबर प्रश्नही नोंदवला. तथापि या कारणास्तव १९११ ची नोंद पाठ्यपुस्तकांतून गळावी, हे मात्र समर्थनीय नाही.

३. टेक्सासमधील प्रयोग : अ‍ॅल्युमिनियमचे विलेपन

अ‍ॅल्युमिनियमचे विद्युत विलेपन पाण्यातील द्रावणातून करता येत नाही. विद्युतप्रवाह सोडला की अ‍ॅल्युमिनियमच्या आधी हायड्रोजन मुक्त होतो. हॉल आणि एरू यांची १८८६ ची पद्धती वितळलेल्या क्रायोलाइटवर आधारलेली असून तिला सुमारे ९५० अंश तापमान लागते. त्या तापमानाला एखाद्या धातूच्या वस्तूवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ लेप चढवणे अव्यवहार्य आहे.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस इन्स्टिट्यूटमध्ये फ्रँक हर्ले आणि टॉमस विअर यांनी यावर उपाय शोधला. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड आणि एथिल पिरिडिनियम ब्रोमाइड हे दोन्ही घन पदार्थ दोनास एक या मोल प्रमाणात मिसळले असता कक्ष तापमानाला द्रवरूपात राहणारे मिश्रण तयार होते आणि त्यातून अ‍ॅल्युमिनियमचा लेप चढवता येतो, असे त्यांना आढळले. या कामाची पेटंटे १९४८ मध्ये मिळाली आणि शोधनिबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. हेतुपूर्वक तयार केलेला धातुयुक्त आयनिक द्रव म्हणून या मिश्रणाचे स्थान निश्चित आहे. परंतु हर्ले आणि विअर यांच्या लेखी तो विलेपनाचा घोल होता. लेप चढला की प्रश्न संपला. त्यामुळे पुढील सुमारे पाव शतक या द्रवाकडे फारसे कोणी वळले नाही.

या मधल्या काळातही तुरळक नोंदी झाल्या. जॉन योक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये तांब्याच्या हॅलाइडांवर ट्रायएथिल अमाइनच्या अभिक्रियांचा अभ्यास करताना ट्रायएथिल अमोनियम डायक्लोरोक्युप्रेट हा क्षार कक्ष तापमानाला तेलासारखा द्रव असल्याचे नोंदवले. जॉर्ज पार्शल यांनी १९७२ मध्ये जर्मेनियम आणि कथील यांच्या ट्रायक्लोरो आयनांचे टेट्राएथिल अमोनियम क्षार प्लॅटिनम उत्प्रेरकासाठी विद्रावक म्हणून वापरले. त्यांचे द्रवणांक अनुक्रमे ६८ आणि ७८ अंश सेल्सिअस होते. पार्शल यांनी द्रवरूप क्षाराचा विद्रावक म्हणून विचार केला ही मोठी झेप होती. तरीही या नोंदी एकमेकींपासून अलग राहिल्या. त्यांना जोडणारे समान नाव त्या काळी प्रचलित नव्हते.

४. वायुदलाची बॅटरी आणि इमिडाझोलियम

या विखुरलेल्या नोंदींना सलगता आली ती लष्करी गरजेतून. काही शस्त्रांमध्ये वापरल्या जाणाऱ्या औष्णिक बॅटऱ्यांमध्ये लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांचे मिश्रण विद्युत अपघटनी म्हणून वापरत. ते ३५५ अंशांना वितळते. एवढ्या उष्णतेमुळे बॅटरीभोवतालच्या सामग्रीची हानी होण्याचा धोका असे. अमेरिकेच्या वायुदल अकादमीत लोवेल किंग यांनी १९६३ मध्ये पर्यायी अपघटनी शोधण्याचे काम हाती घेतले. आरंभी सोडियम क्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड यांच्या मिश्रणावर भर होता. त्याचा द्रवणांक १०० अंशांच्या थोडा वर आहे. ३५५ अंशांच्या तुलनेत ही मोठी घट होती, परंतु उष्णता द्यावी लागतच होती.

त्यातून हर्ले आणि विअर यांच्या जुन्या मिश्रणाकडे लक्ष गेले. रॉबर्ट ऑस्टरयंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या सुमारास ब्युटिल पिरिडिनियम क्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड यांच्या द्रवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा द्रव व्यापक प्रमाणमर्यादेत कक्ष तापमानाला द्रवरूपात राहतो, पण पिरिडिनियम आयनाचे क्षपण सहज होते आणि बॅटरीच्या दृष्टीने तो मोठाच दोष होता. क्षपणाला अधिक विरोध करणारा धन आयन कोणता, याचा शोध वायुदल अकादमीत गणनेच्या साहाय्याने घेण्यात आला. त्यातून डायअल्किल इमिडाझोलियम आयन पुढे आले. जॉन विल्क्स, लेविस्की, विल्सन आणि चार्ल्स हसी यांचा यासंबंधीचा निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या बहुतांश आयनिक द्रवांत आढळणारा इमिडाझोलियम आयन या शाखेत आला तो असा, अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीने.

५. संश्लेषणाची रीत आणि गुणधर्मांचे आकलन

या द्रवांचे संश्लेषण वरकरणी सोपे आहे. पहिल्या पायरीत मिथिल इमिडाझोल आणि अल्किल क्लोराइड यांच्या अभिक्रियेतून इमिडाझोलियम क्लोराइड हा घन क्षार तयार करतात. दुसऱ्या पायरीत त्यात धातूचे क्लोराइड थोडे थोडे मिसळतात. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड मिसळताना बरीच उष्णता बाहेर पडते. म्हणून ते सावकाश मिसळावे लागते, नाहीतर मिश्रण तापून धन आयनाचे विघटन होते. हे सर्व काम कोरड्या, निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत करावे लागते, कारण हवेतील आर्द्रतेशी संयोग होऊन हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो.

दोन घन पदार्थ एकत्र आले असता द्रव का व्हावा, याचे उत्तर ऋण आयनात आहे. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड हे लुईस अम्ल आहे. ते क्लोराइड आयन स्वीकारते आणि टेट्राक्लोरोअ‍ॅल्युमिनेट हा मोठा आयन तयार होतो. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड आणखी वाढवल्यास दोन अ‍ॅल्युमिनियम अणूंचा हेप्टाक्लोरोडायअ‍ॅल्युमिनेट आयन तयार होतो. एकच ऋणभार मोठ्या आयनावर पसरल्यामुळे आकर्षण सौम्य होते आणि विषम आकाराच्या आयनांमुळे स्फटिक बनणे कठीण होते.

यातून या द्रवांचा सर्वांत लक्षणीय गुणधर्म निष्पन्न होतो. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडाचा मोल अंश ०.५ पेक्षा कमी असेल तर मुक्त क्लोराइड आयन शिल्लक राहतात आणि द्रव आम्लारिधर्मी असतो. तो बरोबर ०.५ असेल तर द्रव उदासीन असतो आणि त्यापेक्षा अधिक असेल तर अम्लधर्मी होतो. घटक तेच, केवळ त्यांचे प्रमाण बदलल्याने विद्रावकाचा स्वभाव बदलतो. पाणी, अल्कोहोल किंवा बेंझीन यांच्यापैकी कोणालाही ही मुभा नाही. अ‍ॅल्युमिनियमचे विलेपन अम्लधर्मी द्रवातूनच होते, कारण ज्याचे क्षपण होऊन धातू मिळतो तो हेप्टाक्लोरोडायअ‍ॅल्युमिनेट आयन तिथेच उपलब्ध असतो. हर्ले आणि विअर यांनी निवडलेले दोनास एक हे प्रमाण का यशस्वी झाले, याचा खुलासा अशा रीतीने तीन दशकांनंतर झाला.

चार्ल्स हसी आणि ब्रिटनमधील केनेथ सेडन यांनी या द्रवांत संक्रामक धातूंच्या जटिल आयनांचा अभ्यास केला. निकेलचे क्षार पाण्यात विरघळले की निकेलच्या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू जमतात आणि द्रावण हिरवे दिसते. आम्लारिधर्मी क्लोरोअ‍ॅल्युमिनेटात पाणी नाही आणि क्लोराइड विपुल आहे. त्यामुळे तिथे टेट्राक्लोरोनिकेलेट आयन निर्वेधपणे टिकतो आणि द्रव निळा दिसतो. पाण्याच्या सान्निध्यात जे आयन जगू शकत नाहीत त्यांचा सलग अभ्यास या द्रवांमुळे शक्य झाला.

६. विद्रावक म्हणून ओळख आणि आर्द्रतेचा अडसर

ऐंशीच्या दशकात हे द्रव विद्युतरसायनाच्या कक्षेबाहेर आले. विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया अम्लधर्मी क्लोरोअ‍ॅल्युमिनेटात करून दाखवली. येथे द्रव विद्रावकाचे आणि उत्प्रेरकाचे, अशी दोन्ही कामे करतो. ज्या अभिक्रियेच्या तळाशी एकेकाळी तांबडे तेल साचत होते, तीच अभिक्रिया आता त्याच्या जातकुळीतील द्रवात केली जाऊ लागली. फ्रान्समधील पेट्रोलियम संस्थेत ईव शोव्हँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये क्लोरोअ‍ॅल्युमिनेटात निकेलचा उत्प्रेरक विरघळवून प्रोपीनचे द्विलकीकरण केले. तयार होणारी हायड्रोकार्बने या द्रवात फारशी विरघळत नाहीत. ती वरच्या थरात वेगळी होतात आणि उत्प्रेरक खालच्या थरात राहतो. शोव्हँ यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते अन्य कार्यासाठी, परंतु या शाखेतील त्यांचे कार्यही मूलगामी आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील कार्याचाही येथे उल्लेख करणे उचित ठरेल. अनिल कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डील्स-आल्डर अभिक्रियेवरील निबंधात असे दाखवले, की जी अभिक्रिया एरवी 'एक्झो' रचनेच्या संयुगाकडे झुकते तिचा कल क्लोरोअ‍ॅल्युमिनेट द्रवात 'एंडो' रचनेकडे वळवता येतो.

तथापि आर्द्रतेची अडचण कायम होती. बंद पेटी, कोरडा वायू आणि कटाक्षाने निर्जल ठेवलेली रसायने ज्यांच्याकडे नाहीत, अशा प्रयोगशाळांना हे द्रव अप्राप्य होते. विल्क्स आणि मायकेल झावोरोत्को यांनी १९९२ मध्ये टेट्राफ्लुओरोबोरेट, अ‍ॅसिटेट यांसारखे ऋण आयन वापरून हवेत आणि पाण्यात टिकणारे इमिडाझोलियम द्रव तयार केले, आणि चित्र पालटले. आयनिक द्रव आता कोणत्याही सामान्य प्रयोगशाळेत हाताळता येऊ लागले. याचा परिणाम असा झाला, की धातू म्हणजे आर्द्रतेची कटकट असे समीकरण रूढ झाले. वस्तुतः दोष अ‍ॅल्युमिनियमच्या क्लोराइडाचा होता, धातूमात्राचा नव्हता.

७. धातूचे पुनरागमन

हे समीकरण चुकीचे असल्याचे नव्या शतकाच्या आरंभीच स्पष्ट झाले. लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅण्ड्रयू अ‍ॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कोलीन क्लोराइड आणि झिंक क्लोराइड यांच्यापासून आर्द्रतेत टिकणारे, लुईस अम्लधर्मी द्रव तयार केले. कोलीन क्लोराइड हे कोंबड्यांच्या खाद्यात पूरक म्हणून घातले जाणारे स्वस्त रसायन आहे. महागड्या इमिडाझोलियमवाचूनही या शाखेत काम होऊ शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले. याच गटाने २००४ मध्ये कोलीन क्लोराइड आणि सजल क्रोमियम क्लोराइड यांचा गडद हिरवा द्रव वर्णिला. क्रोमियमच्या विलेपनात परंपरेने षट्संयुजी क्रोमियम वापरले जाते आणि ते कर्करोगकारक आहे. त्रिसंयुजी क्रोमियमच्या या द्रवातून लेप चढवता येतो, हे त्या संशोधनाचे सामाजिक मोल आहे.

लोहाचे उदाहरण प्रस्तुत लेखाच्या प्रतिपादनाच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. ब्युटिल मिथिल इमिडाझोलियम टेट्राक्लोरोफेरेट हा द्रव तयार करणे अगदी सोपे आहे. इमिडाझोलियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड सम मोल प्रमाणात मिसळले की गडद तपकिरी द्रव मिळतो. फेरिक क्लोराइडाचा सजल स्फटिकही त्यासाठी चालतो. लोहयुक्त द्रवांचा वर्णपटीय अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला होता. मात्र टोकियो विद्यापीठातील सातोशी हायाशी आणि हिरो-ओ हामागुची यांनी या द्रवाजवळ चुंबक नेला आणि द्रव चुंबकाकडे ओढला जातो हे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. टेट्राक्लोरोफेरेट आयनातील लोहात पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, हे पदवीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येते. त्यामुळे द्रव समचुंबकीय असणार हे तर्काने आधीच कळण्याजोगे होते. तरीही संपूर्ण द्रवच चुंबकाने हलवता येईल, ही कल्पना त्या साध्या कृतीपर्यंत कोणी मांडली नव्हती.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. फेरोफ्लुइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चुंबकीय द्रवात घन कण तरंगत असतात. चुंबकीय आयनिक द्रवात असे कण नसतात. त्यातील प्रत्येक ऋण आयन चुंबकीय असतो, त्यामुळे कण खाली बसण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र त्याचे चुंबकीय आकर्षण फेरोफ्लुइडच्या मानाने क्षीण असते. हे आकर्षण वाढवण्यासाठी विरल मृदा धातूंकडे लक्ष वळले. अन्या-व्हेरेना मुद्रिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये डिस्प्रोसियमयुक्त थायोसायनेट द्रव वर्णिले. ते चुंबकाला अधिक प्रतिसाद देतात आणि अतिनील किरणांखाली प्रकाशही देतात. एकाच द्रवात दोन भिन्न गुणधर्म एकत्र आणण्याचे काम येथे धातूच्या आयनाने केले आहे.

८. प्रयोगशाळेतून कारखान्यात

तांब्याच्या द्रवांची नोंद १९६३ मध्ये झाली, हे वर आलेच आहे. त्यांच्या जातकुळीतील क्लोरोक्युप्रेट द्रवाला औद्योगिक काम मिळाले ते जवळपास अर्ध्या शतकानंतर. काही ठिकाणच्या नैसर्गिक वायूत पाऱ्याची वाफ असते. पारा अ‍ॅल्युमिनियमवर आक्रमण करतो आणि वायूचे द्रवीकरण करणाऱ्या प्रकल्पांतील उष्णता-विनिमयक अ‍ॅल्युमिनियमचे असतात. अल्जीरियातील स्किक्दा येथील प्रकल्पात १९७३ मध्ये अशाच कारणाने विनिमयक निकामी झाला होता. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील सेडन यांच्या गटाने मलेशियातील पेट्रोनास कंपनीच्या सहकार्याने सच्छिद्र घन आधारावर क्लोरोक्युप्रेट द्रवाचा थर देऊन वायूतील पारा पकडणारी सामग्री विकसित केली. द्विसंयुजी तांबे पाऱ्याचे ऑक्सिडीकरण करते आणि पारा क्षाराच्या रूपाने द्रवात अडकतो. मलेशियात ही सामग्री २०११ पासून औद्योगिक पातळीवर वापरात आली.

क्लोरोअ‍ॅल्युमिनेटांचे पुनरागमनही असेच आहे. उच्च ऑक्टेन अंकाचे पेट्रोल घटक तयार करण्यासाठी आयसोब्युटेनचे अल्किलीकरण करतात. त्यासाठी पूर्वापार हायड्रोफ्लुओरिक किंवा सल्फ्युरिक अम्ल वापरले जाते. चीनमध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे हे दोन्ही धातू असलेला संयुक्त आयनिक द्रव या कामासाठी विकसित झाला आणि कारखान्यांपर्यंत पोहोचला. अमेरिकेत शेव्हरॉन कंपनीने आपल्या सॉल्ट लेक सिटी येथील शुद्धीकरण कारखान्यातील हायड्रोफ्लुओरिक अम्लाच्या संयंत्राचे क्लोरोअ‍ॅल्युमिनेट द्रवावर आधारित संयंत्रात रूपांतर केले. ते काम २०२१ मध्ये पूर्ण झाले. आर्द्रतेने बिघडणारा म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळेला नकोसा झालेला द्रव पेट्रोलियम कारखान्याच्या बंद, कोरड्या नळ्यांत सुखाने नांदतो. ज्या गुणधर्माला आपण दोष म्हणतो तो बहुधा जागेचा दोष असतो.

बॅटरीची कथाही पूर्णत्वास गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील होंगजी दाय यांच्या गटाने २०१५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा ऋणाग्र, ग्रॅफाइटचा धनाग्र आणि एथिल मिथिल इमिडाझोलियम क्लोरोअ‍ॅल्युमिनेटाचा अपघटनी असलेली पुनर्भारणक्षम बॅटरी वर्णिली. तिचा विद्युतदाब सुमारे २ व्होल्ट होता आणि ७,५०० हून अधिक आवर्तनांपर्यंत ती क्षमता न गमावता चालली. हा अपघटनी म्हणजे १९८२ मध्ये बॅटरीसाठीच शोधलेला द्रव होय.

९. 'हरित' या विशेषणाची परीक्षा

आयनिक द्रवांना नव्वदच्या दशकापासून सरसकट 'हरित विद्रावक' म्हणण्याचा प्रघात पडला. त्यांची वाफ होत नाही, सबब हवेचे प्रदूषण होत नाही, असे त्यामागील कारण होते. या कारणाची तपासणी पुढे त्याच क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी केली. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट द्रवाचे जलीय अपघटन होऊन घातक हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतो, असे २००३ मध्ये अलाबामा विद्यापीठातील रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने दाखवले. काही आयनिक द्रवांचे ऊर्ध्वपातन अतिशय कमी दाबाखाली करता येते, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे वाफ न होणे हाही निरपवाद नियम नाही.

धातुयुक्त द्रवांच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे. क्लोरोअ‍ॅल्युमिनेट सांडल्यास हायड्रोजन क्लोराइडाचे धूर निघतात. तांबे, जस्त व क्रोमियम यांचे क्षार जलचरांना अपायकारक आहेत. पारा पकडलेली सामग्री अखेर पाऱ्यासहच कुठेतरी हाताळावी लागते. दुसऱ्या बाजूला, गळती झाल्यास विषारी ढग पसरवू शकणाऱ्या हायड्रोफ्लुओरिक अम्लाची जागा क्लोरोअ‍ॅल्युमिनेटाने घेणे हा खरा लाभ आहे. म्हणून हरितपणा हा पदार्थाचा अंगभूत गुणधर्म मानता येत नाही. तो कशाच्या जागी, कोठे, किती काळ वापरला आणि शेवटी त्याचे काय केले, या सर्वांचा हिशेब मांडूनच ठरवावा लागतो. एखाद्या संश्लेषणाच्या निबंधात केवळ आयनिक द्रव वापरला म्हणून पद्धतीस हरित संबोधणे शास्त्रीय शिस्तीला धरून नाही.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) धातुयुक्त आयनिक द्रव हा आयनिक द्रवांच्या इतिहासातील संपुष्टात आलेला टप्पा नव्हे. इमिडाझोलियम आयन याच द्रवांच्या अभ्यासातून पुढे आला आणि उद्योगातील या शाखेचे ठळक यशही याच द्रवांचे आहे.

(२) पदार्थाची निर्मिती आणि त्याच्या महत्त्वाची ओळख यांत मोठे अंतर पडलेले दिसते. तांबडे तेल, १९६३ चा क्लोरोक्युप्रेट आणि चुंबकापूर्वीचा टेट्राक्लोरोफेरेट ही त्याची उदाहरणे होत. शोध कोणी लावला याचे उत्तर देताना पदार्थ प्रथम कोणी पाहिला आणि त्याच्याविषयी प्रश्न प्रथम कोणी विचारला, या दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे ठेवल्या पाहिजेत. राय आणि रक्षित यांचे १९११ चे कार्य या न्यायाने अभ्यासक्रमात यावयास हवे.

(३) आर्द्रतेची संवेदनशीलता, श्यानता, रंग, चुंबकत्व या गुणधर्मांना उपयोगाच्या संदर्भावाचून गुण अथवा दोष ठरवता येत नाही.

(४) आर्द्रतेत टिकणाऱ्या लोह, जस्त आणि क्रोमियमच्या द्रवांसाठी महागडी साधनसामग्री लागत नाही. त्यामुळे योग्य देखरेखीखाली आणि टाकाऊ धातुक्षारांची नीट व्यवस्था करून हे संश्लेषण पदव्युत्तर वर्गांच्या प्रात्यक्षिकांत घेता येण्याजोगे आहे. जटिल आयन, लुईस अम्ल, अयुग्मित इलेक्ट्रॉन आणि द्रवणांक हे सहसा निरनिराळ्या प्रकरणांत शिकवले जाणारे विषय त्यायोगे एकाच परीक्षानळीत विद्यार्थ्यांना पाहता येतील. टेट्राक्लोरोफेरेटाच्या नळीजवळ चुंबक नेण्यास काही खर्च येत नाही. आपल्या कपाटांतील परिचित संयुगांकडेही अशाच न विचारलेल्या प्रश्नांच्या दृष्टीने पाहण्याची सवय लावणे, हे रसायनशास्त्राच्या अध्यापनाचे एक प्रयोजन असावे.